उजवा बूट

नजर अधू झाली म्हणून सासऱ्यांची गाडी आम्ही विकून टाकली. दूध आणायलासुद्धा लोक गाडी काढतात अशा या शहरात ते आता पायी फिरतात. निदान सांगतात तरी तसं! दुपारचा चहा झाला की "जरा चालून येतो" म्हणून निघतात आणि दिवेलागणीला शीळ घालत परततात. कुठं गेला होतात विचारलं, तर ताकास तूर लागू देत नाहीत.

परवा त्यांचे बूट पुसायला घेतले, तर डावा जवळजवळ नवा आणि उजव्याचा तळ पुढून पार झिजलेला. चालणाऱ्याचे दोन्ही झिजायला नकोत?

"पाणी मुरतंय," नवरा म्हणाला. "बाबा कुणाची तरी गाडी चालवतायत. एखाद्याला उडवतील!"

काल मी गुपचूप त्यांच्या मागे गेले. कोपऱ्यावर ते बसमध्ये चढले, तशी मीही मागच्या दारानं चढले.



सासरे ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर ताठ बसले होते, आणि ड्रायव्हर मान न वळवता त्यांना सांगत होता, "काका, सिग्नल लाल झाला. दाबा ब्रेक!"