गुंड्याचा फोटो

खाऊची मोठी पिशवी टेबलावर ठेवून शालनकाकूंनी मोबाइल काढला. बेवारस मांजरांना घर मिळवून देणाऱ्या मुलींनी आज सोसायटीच्या हॉलमध्ये पिंजरे मांडले होते.

“आमच्या गुंड्या बोक्याचा फोटो दाखवते, थांबा. शेपटीच्या टोकाला जन्मतःच गाठ आहे, अगदी अंबाड्यासारखी! तुम्ही कितीही मागे लागलात, तरी मी काही त्याची नसबंदी केली नाही हो. बाहेर हिंडतो, खूश असतो. मुक्या जिवाचं सुख कशाला हिरावायचं?”

त्या मुलींपैकी ऊर्मीने एक पिल्लू काकूंच्या मांडीवर ठेवलं. “तुमच्याच पार्किंगमध्ये सापडली ही चार. आई गाडीखाली गेली. दाखवा ना फोटो, काकू.”

काकू पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. बोटं शेपटीच्या टोकाशी पोचली आणि तिथेच थबकली. त्यांनी पिंजऱ्यात पाहिलं. उरलेल्या तिन्ही पिल्लांच्या शेपट्यांनाही तशीच गाठ होती.

“अगं बाई, बॅटरीच संपली,” म्हणत काकूंनी मोबाइल पर्समध्ये कोंबला.

तेवढ्यात पर्समध्ये रिंग वाजू लागली. दचकलेल्या पिल्लाने काकूंचा पदर दोन्ही पंजांनी घट्ट धरला.