तासभर झोप

समुद्राचं पाणी शहरात साचू नये म्हणून आमचे पंप दिवसरात्र चालतात. मी तिथला ऑपरेटर; घर पंपघराला लागूनच. शेवटच्या आजारपणात पंपांच्या घरघरीने बायकोचा डोळा लागत नसे.

“अहो, तासभर बंद करा ना. तेवढीच झोप लागेल.”

“आणि शहर बुडालं म्हणजे?” मी खेकसायचो. एकदा बंद करून पाहायची माझी छाती झाली नाही.

तिचे अंत्यसंस्कार उरकून परतलो, तर पंपघर चिडीचूप. मी धावतच आत गेलो.

“पंप कोणी बंद केले?”

“मी केले, दादा,” पंपावरचा माझा जोडीदार हळूच म्हणाला. “वहिनींना एवढा मान तरी द्यायला हवा होता. घाबरू नका, दोन तास झालेत. पाणी बोटभरही चढलेलं नाही.”