‘सेट’चा डाव

“तुमची पाळी,” नंदाताई म्हणाल्या.

अभयराव खिडकीबाहेर बघत बसले.

“शब्द ‘सेट’. मी कपबशांचा सेट सांगितला. आता तुम्ही. नाही? मग हाही गुण माझा.”

शनिवार पेठेतल्या त्या घरात हा खेळ जुनाच. एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि आळीपाळीने त्याचे अर्थ सांगायचे. अभयराव इंग्रजीचे प्राध्यापक, नंदाताई मार्केट यार्डातल्या एका पेढीवर नोकरीला. जन्मभर त्याच हरल्या, वर पाहुण्यांसमोर नवऱ्याचे टोमणे. एकदा ‘रन’चे चारच अर्थ सांगता आले, तेव्हा “आमच्या हिची धाव कुंपणापर्यंत,” असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं.

आता मात्र पारडं फिरलं होतं. दिवाळीपासून रोज नंदाताईच जिंकत होत्या, आणि अभयराव हूं की चूं करत नव्हते.

शेजारच्या वासंतीबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. “अहो, किती पिच्छा पुरवाल त्यांचा? जुनं उट्टं काढताय होय?”

“खेळायला लावल्याशिवाय आज सोडायची नाही मी त्यांना,” नंदाताई म्हणाल्या आणि पुन्हा नवऱ्याकडे वळल्या. “सिनेमाचा सेट. माझा गुण. टेनिसचा सेट. माझा. दही सेट होतं, तोही माझा.”

अभयरावांच्या कपाळाला आठी पडली. नंदाताईंनी ती बरोबर टिपली. चेहरा मात्र त्यांनी कोरा ठेवला.

“आणि शेवटचा,” त्या सावकाश म्हणाल्या, “प्राध्यापक व्हायला देतात ती सेट परीक्षा. संपला डाव. हरलात.”

अभयरावांनी मान वळवली. कान लाल झाले होते. त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

“बाद!”

“का म्हणून?” नंदाताईंचा आवाज चिरकला.

“आद्याक्षरं... ती.” अभयरावांचे ओठ थरथरले. “शब्द... नव्हे. अडाणी!”

वासंतीबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. तिच्याकडे न बघता नंदाताईंनी फोन उचलला. डोळे घळाघळा वाहत होते आणि हसू आवरत नव्हतं.

“पूर्वा, बाबा बोलले गं! अर्धांगाच्या झटक्यात गेलेली वाचा आता परत यायची नाही म्हणाले होते ना डॉक्टर? अगं, मला चक्क अडाणी म्हणाले!”