यरीहोची वाट

आमच्या केंटकीतल्या चर्चच्या रविवार शाळेत मी मुलांना बायबल शिकवायला कॉम्प्युटरवर गेम लावते, हे पास्टर हॅस्केलना मुळीच पटत नव्हतं.

"खेळून कुणाला धर्म कळलाय का, मिस ओलेटा? आज बघतो, नाहीतर हे बंद!" म्हणत ते स्वतःच खेळायला बसले.

गेममध्ये वेळेत यरीहो गाव गाठायचं होतं. त्यांनी भराभर बटणं दाबली, वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाला वळसा घातला आणि पोचले. "जिंकलो!"

सात वर्षांची टॅबिथा हळूच म्हणाली, "पास्टर, तुम्ही सांगता त्या येशूच्या गोष्टीतला पुजारीसुद्धा जखमी माणसाला असाच टाकून गेला होता ना?"

मी घाईघाईने कॉम्प्युटर बंद करायला गेले.

"राहू द्या हो," पास्टर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "टॅबिथा, मागे कसं फिरायचं गं?"