अडतीस नंबरची गाय

“माझ्या गाईला काल चारा कावून मिळाला न्हाई, तेवढं सांगा,” केसरबाई चारा छावणीच्या ऑफिसच्या दारातूनच म्हणाली.

ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक टेबल आणि सोसायटीचा कॉम्प्युटर. पंखा एकच, तोही कॉम्प्युटरकडं वळवलेला. माणसं शिजली तरी चालतील, मशीन तापता कामा नये, असा चेअरमन सुंदररावांचा हुकूम होता.

टेबलाशी बसलेल्या कौशल्यानं डोळे चोळले आणि कालची यादी काढली. केसरबाईच्या गाईच्या कानातला बिल्ला अडतीस नंबरचा. यादीत तिनं तेहेतीस टाकला होता. यादीत गाय नाही, म्हणून दावणीला चारा नाही. आठवड्यातली ही तिसरी चूक.

“बास झालं,” टेबलाशेजारी उभे असलेले सुंदरराव म्हणाले. “उद्यापासून बीडहून माझा भाचा येईल. त्यानं कोर्स केलाय.”

कौशल्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

“आता रडून काय उपयोग?”

“रडत न्हाई, आण्णा. दुपारी असंच पाणी येतंय. डोकं लई ठणकतंय.”

ते खरंच होतं. रोज तीन वाजले की कपाळात खुंटी ठोकल्यासारखं व्हायचं. बाम चोळून चोळून कपाळ सोलवटलं होतं. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर नाही, डोळे चांगले आहेत. सासू म्हणाली, खुर्चीवर बसतेस ना, गावाची नजर लागली. कौशल्याला मात्र नजरेपेक्षा खुर्चीची काळजी होती. ही गेली की दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर पुन्हा ऊसतोडीला जायचं आणि लेकीची शाळा सुटायची.

तिनं नवा आकडा टाकला. “अडतीस केलंय, मावशी. आता मिळंल चारा.”

“बघू दे मला,” म्हणत सुंदररावांनी तिला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. चष्मा पुसला, मान पुढं काढली, मागं घेतली. पाठीमागच्या दारातून उतरतं ऊन थेट पडद्यावर येत होतं. “कुठं अडतीस? तेहेतीसच हाय की अजून.”

“न्हाई आण्णा, अडतीस हाय.”

“मी काय आंधळा हाय का?”

केसरबाई टेबलाला वळसा घालून आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाकली. बराच वेळ बघत राहिली. “कुठली गाय न् कुठलं काय. ह्यात तर मीच दिसायलेय.”

मग रानात लांबचं बघताना कपाळावर हात धरावा तसा तिनं पदर पसरून पडद्यावर आडोसा केला. सावलीत आकडे उमटले. सुंदररावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. अडतीस होता.

“सुंदरराव,” पदर तसाच धरून केसरबाई म्हणाली, “ह्याचं तोंड उन्हाकडं करून कुणी बांधलं?”

“वास्तू बघून गुरुजींनी जागा दाखवली. बसणाऱ्याचं तोंड पूर्वेला पायजे.”

“गुरुजी हितं बसून नंबर टाकत्यात का? जनावर सुदीक आमी असं बांधत न्हाई.”

सुंदररावांना हार मानायची सवय नव्हती. चार वेळा निवडून आलेल्या माणसाला ती लागत नाही. शेवटी ते उठले. “उत्तर बी चांगली असती. कुबेराची दिशा हाय. धरा टेबल.”

तिघांनी मिळून टेबल फिरवलं. आता ते दार कुशीला आलं, पडद्यावरचं ऊन गेलं. सुंदरराव पुन्हा बसले आणि लगेच डोळे मिचकावायला लागले.

“आता लई भकभकायलंय हे.”

“पडद्याचा उजेड पुरा ठेवलाय, आण्णा. कमी केला की तुमी म्हणताव, बल्ब जायला आलाय का.”

“मग आता कर की कमी.”

कौशल्यानं वाकून उजेड अर्ध्यावर आणला. नंतर, मागंपुढं न बघता, अक्षरंही मोठी केली. हे तिला दोन महिन्यांपासून करायचं होतं. विचारायची हिंमत झाली नव्हती.

सुंदररावांनी बोट न फिरवता, मोठ्यानं वाचलं, “चौतीस, पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस.” आणि खुर्ची सोडली. “बस.”

ती बसली. आजची दोनशे जनावरं टाकायची राहिली होती. डोकं अजून ठणकत होतं, ते थोडंच लगेच थांबणार होतं. पण आकडे एकमेकांत मिसळत नव्हते. कपाळाला आठी न घालता ती टाकत गेली. केसरबाई तिच्या शेजारी उभी राहून आपल्या गाईची ओळ पुन्हा पुन्हा बघत होती.

दाराबाहेर सुंदररावांनी फोन लावला. आवाज त्यांचा कायमच सभेतला, आत सगळं ऐकू येत होतं.

“तू नको येऊ रे उद्या. न्हाई, हितलं माणूस बरूबर हाय. टेबल चुकल्यालं व्हतं.”