पूर्ण भार

“आता घरातलं सगळं एकदम चालू करा,” लॅपटॉपमधून मान वर न काढता कंपनीकडून आलेली मुलगी म्हणाली.

बाबांचा चहा बशीत सांडला. “सगळं म्हणजे?”

“सगळं, काका. गिझर, एसी, ओव्हन, इस्त्री. दिवे-पंखे तुमचे मोबाइलवर चालतातच. आता त्याला विजेवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर जोडतेय. घर जास्तीत जास्त किती खेचतं, ते त्याला दहा मिनिटं दिसायला हवं. पुढे मग ते सांभाळेल.”

सांभाळायचं काम गेली एकतीस वर्षं बाबा करत होते. गिझर चालू तर इस्त्री बंद. इस्त्री चालू तर मिक्सरचं नाव काढायचं नाही. घरचे त्यांना कंजूष म्हणत आणि ते म्हणू देत, कारण खरी गोष्ट त्याहून वाईट होती. घर बांधताना वायरमन म्हणाला होता, मीटरपासूनची केबल जाड, दहा एमएमची घ्या. बाबांनी कागद काढून, गणित मांडून सिद्ध केलं, की सहाची पुरते. बत्तीस अँपिअरपर्यंत बिनघोर. वायरमनने हात जोडले आणि सहाची टाकली. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच बाबांना शंका आली, ती अजून गेली नव्हती. त्यांची सगळी नोकरी पूल बांधण्यात गेलेली. पूल खुला करण्याआधी त्यावर वाळूचे ट्रक उभे करून बघतात. घरावर ट्रक उभे करायचा धीर त्यांना कधी झाला नाही. कंजूष म्हणवून घेणं एक वेळ परवडतं. पुलांच्या इंजिनिअरची घरचीच केबल चुकली, हे सासुरवाडीला कळणं परवडत नाही.

“अंदाजे आकडा टाकला तर?” त्यांनी विचारून पाहिलं.

“बाबा, दहा मिनिटांचं जे काय बिल होईल ते मी भरते,” सून म्हणाली. सॉफ्टवेअरचा घाट तिनेच घातला होता.

आई केव्हाच उठली होती. इस्त्रीचा प्लग हातात धरून ती दारात उभी राहिली. “लावू ना, अहो? गिझर चालू आहे हं. नंतर ऐकून घ्यायला नको.”

“लाव,” बाबा म्हणाले आणि मुख्य स्विचखाली जाऊन उभे राहिले. हात स्विचपासून वीतभर लांब.

मुलगी अँपिअरची बेरीज वाचू लागली. गिझर, नऊ. एसी, पंधरा. ओव्हनने वीस केले. इस्त्रीने पंचवीस. वॉशिंग मशीन गडगडायला लागलं. सून मोबाइल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली आणि भर सकाळी घरातला एकूण एक दिवा लागला. पंख्यांनी वर्तमानपत्राची पानं सोफ्यावरून उडवून लावली. ती उचलायची सोडून आई त्यांच्यामधून चालत स्वयंपाकघरात गेली.

“एकोणतीस,” मुलगी म्हणाली. “अजून काही राहिलं?”

“मिक्सर!” आतून आवाज आला. “साखर दळून घेते. चालू आहेच सगळं, तर काम तरी होईल.”

मिक्सर किंचाळला. बाबांनी डोळे मिटले.

“एकतीस पूर्णांक दोन. आता कुणी हलू नका.”

कुणी हललं नाही. घर मात्र हलत होतं, घुमत होतं, गरम होत होतं आणि गार होत होतं. बाबांनी केबलच्या नळीवर तळवा ठेवला, पोराचं कपाळ बघावं तसा. ताप नव्हता. पाच मिनिटांनी परत बघितलं. दहा मिनिटांनी बघितलं. नव्हता.

“काका, हिशेब कुणी काढलाय हो केबलचा?” मुलगी म्हणाली. “नेमका बसलाय. लोक उगाच जाडजूड टाकून ठेवतात.”

“मी,” बाबा म्हणाले. मिक्सरच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणून ओरडून म्हणाले, “मी काढलाय!”

“मग बाबा,” सुनेने विचारलं, “इतकी वर्षं गिझर चालू असताना आईंना इस्त्री का नाही लावू दिलीत?”

मिक्सर नेमका तेव्हाच थांबला. आई हात पुसत बाहेर आली. बाबांना अजूनही कंजूष राहता आलं असतं. सवय होती.

“खात्री नव्हती,” ते म्हणाले. “केबलची.”

“म्हणजे तुम्ही कंजूष नाही?” आईने विचारलं.

“नाही.”

“नुसते घाबरट?”

“हो.”

आई मटकन स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अहो, मग सांगायचं ना! एकतीस वर्षं माहेरी तोंड लपवत फिरतेय मी. घाबरट नवरा चालला असता. आम्हा चौघी बहिणींचे तसलेच आहेत!”

“काकू, आटपतेय हं,” मुलगी म्हणाली. “आता जोडणी चालू करते. पंचविसाच्या वर गेलं, की सॉफ्टवेअर आपणहून काहीतरी बंद करेल. इतकं सगळं एकदम काही आता परत लागायचं नाही.”

तिचं बोट बटणापाशी गेलं.

“थांबा!” बाबा म्हणाले. “एका नोंदीवर काय विश्वास ठेवायचा? आणखी एकदा घ्या.”

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी माळ्याला शिडी लावली. आईने खालून शिडी धरली. वरून एक टेबलफॅन आला, मग धूळ, मग बाबांचा आवाज:

“अगं, आणखी काय काय आहे आपल्याकडे? अजून पाऊण अँपिअर शिल्लक आहे!”