सोळा माग

इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या शेडची भिंत पाडताना जपून ठेवलेल्या गिलाव्यात बावन्न वर्षांपूर्वीचा आवाज मुरलेला होता. जुने आवाज सोडवून देणाऱ्या केतकीने तो यंत्राने बाहेर काढला आणि नेहमीच्या सवयीने लख्ख केला. मागांचा खडखडाट मुळापासून काढून टाकला, चढउतार एका पातळीवर आणले आणि हेडफोन शिवलिंग कोष्टींच्या हाती दिला. ते दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली होती. तिचा आवाज त्यांना आठवतही नव्हता.

"शिवल्या! इकडं ये! भाकरी खा!"

कोष्टींचा चेहरा पडला. "एवढी खेकसायची होय माझ्यावर?"

केतकी चपापली. "शेडमध्ये माग किती होते?"

"सोळा. का हो?"

ती स्क्रीनकडे वळली आणि काढून टाकलेला सगळा खडखडाट तिने परत आणला. आता सोळा मागांच्या गदारोळात एक बाई गळा ताणून आपल्या लेकराला नुसती जेवायला बोलावत होती.

कोष्टींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

"मॅडम," ते म्हणाले, "माग अजून थोडे वाढवा."